केमिस्ट, पण दुकान नसलेला: ब्रिटनमध्ये वैज्ञानिक म्हणून व्यावसायिक नोंदणी कशी करायची

मी केमिस्ट आहे म्हटलं की सांगलीतल्या आमच्या शेजारच्या काकू विचारायच्या, "मग दुकान कुठं टाकलंस?" पुढे इंग्लंडला आले. घरमालकाने काय काम करता म्हणून विचारलं, मी तेच उत्तर दिलं, आणि त्याने लगेच खोकल्यावर कुठलं औषध चांगलं ते विचारून घेतलं.

यात त्या दोघांची काही चूक नाही. ब्रिटनमध्ये १८६८ च्या फार्मसी कायद्याने 'केमिस्ट' हे नाव औषधं विकणाऱ्यांच्या पदरात टाकलं. प्रयोगशाळेत बसून रसायनं तपासणारे मात्र बिननावाचे राहिले. त्याच काळात भेसळविरोधी कायदे येत होते, गावोगावी अन्नाचे नमुने तपासणारे पब्लिक अ‍ॅनालिस्ट नेमले जात होते, कोर्टात साक्षी होत होत्या. मग समोरचा माणूस खरोखर रसायनज्ञ आहे की हौशी, हे ठरवायचं कोणी? या पेचातून १८७७ साली इन्स्टिट्यूट ऑफ केमिस्ट्री उभी राहिली. पहिले अध्यक्ष एडवर्ड फ्रँकलंड, ज्यांनी लंडनच्या पिण्याच्या पाण्याचं विश्लेषण वर्षानुवर्षं केलं. ही संस्था १९८० मध्ये इतर तीन संस्थांसह एकत्र आली आणि आजची रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्री झाली.

'सायंटिस्ट' हा शब्द तर आजही मोकाट आहे. ब्रिटनमध्ये कोणीही स्वतःला सायंटिस्ट म्हणवून घ्यावं, कायदा आडवा येत नाही. म्हणूनच इथे नोंदणीची एक समांतर व्यवस्था आहे, आणि महाराष्ट्रातून एमएस्सी करून येणाऱ्या बहुतेकांना तिचा पत्ताच नसतो. मलाही इथे येऊन चार वर्षं होईपर्यंत नव्हता. हा लेख त्यांच्यासाठी. मी अन्न तपासणाऱ्या एका खाजगी लॅबमध्ये काम करते, त्यामुळे उदाहरणं त्याच अंगाने येतील. रस्ता मात्र जीवशास्त्र, भौतिकशास्त्र, भूशास्त्र सगळ्यांना साधारण सारखाच आहे.

आधी हे ठरवा: तुमची नोंदणी सक्तीची की ऐच्छिक?

या दोन गोष्टींत गल्लत झाली की वर्ष वाया जातं.

हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त, लघवी, ऊती तपासायच्या असतील तर तुमची वाट हेल्थ अँड केअर प्रोफेशन्स कौन्सिलकडे जाते. सगळे तिला एचसीपीसी म्हणतात. 'बायोमेडिकल सायंटिस्ट' आणि 'क्लिनिकल सायंटिस्ट' ही नावं कायद्याने राखीव आहेत. नोंदणी नसताना ती लावणं हा गुन्हा आहे. इथे 'करिअरला फायदा होतो का' हा प्रश्नच उरत नाही, कारण नोंदणीशिवाय त्या पदावर घेतच नाहीत.

परदेशात शिकलेल्यांना एचसीपीसीकडे थेट अर्ज करता येतो. तुमचा अभ्यासक्रम आणि अनुभव ते त्यांच्या निकषांशी ताडून पाहतात. इंग्रजीसाठी आयईएलटीएसमध्ये एकूण ७ आणि कुठल्याही भागात ६.५ च्या खाली नाही, एवढं लागतं. दुसरा रस्ता जरा लांबचा आहे. इथल्या लॅबमध्ये सहायक म्हणून लागायचं, इन्स्टिट्यूट ऑफ बायोमेडिकल सायन्सकडून आपली पदवी तपासून घ्यायची, कमी पडणारे विषय भरून काढायचे, आणि मान्यताप्राप्त लॅबमध्ये काम करता करता त्यांचा पोर्टफोलिओ पूर्ण करायचा. लांबचा असला तरी माझ्या ओळखीतले बरेच जण याच रस्त्याने गेले. पगार कमी, पण हाताखालून काम जातं.

एक सावधगिरी. मायक्रोबायॉलॉजीत एमएस्सी करून औषध कंपनीच्या क्यूसीमध्ये (गुणवत्ता तपासणीत) पाच वर्षं प्लेट्स मोजल्या असतील, तर तो अनुभव चांगलाच आहे, पण रुग्णाच्या नमुन्यांचा नाही. एचसीपीसीच्या निकषात रक्तपेढीपासून हिस्टोपॅथॉलॉजीपर्यंतची जाण येते. 'आम्ही एचसीपीसी करून देतो' म्हणून पैसे मागणाऱ्या एजंटांपासून दूर राहा. अर्ज तुम्हीच भरायचा असतो आणि भरता येतो.

बाकी सगळे, म्हणजे अन्न, पाणी, औषधं, पर्यावरण, पदार्थविज्ञान, खनिजं, विद्यापीठातली लॅब, यांच्यासाठी नोंदणी ऐच्छिक आहे. ती सायन्स कौन्सिल या विज्ञानसंस्थांच्या शिखर संस्थेच्या यादीत होते. या कौन्सिलला २००३ साली रॉयल चार्टर (राजसनद) मिळाला आणि पुढच्याच वर्षी 'चार्टर्ड सायंटिस्ट' ही उपाधी सुरू झाली. इथून पुढचा लेख मुख्यतः तिच्याबद्दल आहे.

ऐच्छिक आहे, तर मग करायची कशाला?

खरं सांगायचं तर उपाधी मिळाली त्या महिन्यात माझ्या पगारात एका पेनीचा फरक पडला नाही. मॅनेजरने ईमेलवर अभिनंदन केलं, कोणीतरी केक आणला, संपलं.

फायदा कुठे होतो ते तुमच्या कामावर ठरतं. काही खुर्च्या अशा आहेत की तिथे व्यावसायिक संस्थेची मोहोर लागतेच. पब्लिक अ‍ॅनालिस्ट व्हायला रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीची 'मास्टरशिप इन केमिकल अ‍ॅनालिसिस' लागते. औषधाचा प्रत्येक बॅच बाजारात सोडण्याआधी ज्याची सही लागते त्या 'क्वालिफाइड पर्सन'ची पात्रता रसायन, जीवशास्त्र आणि फार्मसी या तीन व्यावसायिक संस्था मिळून तपासतात. त्यांपैकी एकीचं सभासदत्व त्यासाठी हवंच. भूशास्त्रज्ञाला खाणीतल्या साठ्याचा अहवाल ऑस्ट्रेलियाच्या 'जॉर्क' संहितेप्रमाणे सही करून द्यायचा तर मान्यताप्राप्त संस्थेचं सभासदत्व आणि त्या प्रकारच्या खनिजातला किमान ५ वर्षांचा अनुभव लागतो. लंडनची जिऑलॉजिकल सोसायटी त्या मान्यताप्राप्त संस्थांत आहे. अशा खुर्चीकडे तुमची नजर असेल तर आजच सभासद व्हा.

कोर्टात तज्ज्ञ साक्षीदार म्हणून उभं राहणारे, सल्लागार म्हणून टेंडर भरणारे, यांनाही उपाधी उपयोगी पडते, कारण समोरच्याला तुमचं विज्ञान कळत नसतं. तो निदान तुमच्या नावापुढची अक्षरं वाचू शकतो.

आणि तिसरा वर्ग आमच्यासारख्यांचा. कंपनीत काम करतो, पेपर छापत नाही, क्लायंटचं नाव सांगता येत नाही, पद्धत गोपनीय. दहा वर्षांनी सीव्हीवर एकच ओळ उरते: 'सीनियर अ‍ॅनालिस्ट'. विद्यापीठातल्या माणसाला त्याचे पेपर ओळख देतात. आपल्याला ओळख देणारं बाहेर कोणी नसतं. मला नोंदणीचा खरा उपयोग इथे झाला. दोन वर्षांनी नोकरी बदलली तेव्हा मुलाखतीत विचारलेल्या जवळजवळ प्रत्येक प्रश्नाचं उत्तर मी अर्जासाठी आधीच लिहून ठेवलेलं होतं.

उलट तुम्ही पोस्टडॉक (पीएचडीनंतरचे संशोधक) असाल आणि प्राध्यापक व्हायचं असेल, तर माझं मत: आत्ता घाई करू नका. निवड समिती तुमचे पेपर आणि फंडिंग बघेल. हा वेळ तिकडे घालवा.

कुठली यादी आपली?

मुख्य याद्या तीन. रजिस्टर्ड सायन्स टेक्निशियन, रजिस्टर्ड सायंटिस्ट आणि चार्टर्ड सायंटिस्ट. विज्ञान शिकवणाऱ्यांसाठी चौथी आहे, चार्टर्ड सायन्स टीचर.

लोकांची समजूत अशी की या तीन पायऱ्या आहेत आणि खालच्या पायरीवर राहणं म्हणजे कमीपणा. तसं नाही. टेक्निशियनच्या यादीला पदवीही लागत नाही. उपकरणं सांभाळणारा, तरुणांना पिपेट धरायला शिकवणारा माणूस तिथे मानाने बसतो. २०१७ पासून 'टेक्निशियन कमिटमेंट' म्हणून एक उपक्रम चालू आहे. त्यावर सही केलेली विद्यापीठं आपल्या टेक्निशियनांना नोंदणीसाठी पाठबळ देतात, आणि कित्येक ठिकाणी फीही भरतात. विद्यापीठात कामाला असाल तर आधी तिथे चौकशी करा, मग खिशात हात घाला.

चार्टर्ड सायंटिस्टसाठी मास्टर्सच्या पातळीचं ज्ञान आणि स्वतःच्या जबाबदारीवर काम केल्याचा अनुभव हवा. इथे आपल्या लोकांना पहिली ठेच लागते. भारतातली दोन वर्षांची एमएस्सी इथल्या मास्टर्सच्या बरोबरीची आपोआप धरली जाईलच असं नाही. परदेशी पदव्यांची तुलना यूके एनिक करतं. आधी त्याचं नाव नॅरिक होतं, आणि जुने लोक अजून तेच म्हणतात. तुलना कमी पडली तरी दार बंद होत नाही. कामातून मास्टर्सच्या पातळीचं ज्ञान आलं आहे हे लिहून दाखवायची सोय असते. त्याला समतुल्यतेचा अहवाल म्हणा. चार-सहा पानं होतात, डोकं खाजवावं लागतं, पण जमतं.

कागदपत्रांबद्दल एक घरगुती सल्ला. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येतं, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, आणि शेवटी कुठेतरी आईचं. इथला माणूस पहिला शब्द नाव समजतो. त्यात लग्नानंतर आडनावच काय, मधलं नावही बदललेलं. माझी पदवी वडिलांच्या नावाने, पासपोर्ट नवऱ्याच्या. विवाह नोंदणीचा इंग्रजी दाखला आणि 'ही दोन्ही नावं एकाच बाईची' असं सांगणारं दोन ओळींचं पत्र पहिल्याच दिवशी जोडलं असतं तर तीन आठवडे वाचले असते. विद्यापीठातून ट्रान्सक्रिप्ट मागवायची असतील तर सुट्टीत गावी जाल तेव्हाच कामाला लागा.

संस्था निवडणं

सायन्स कौन्सिल थेट नोंदणी करत नाही. तिने परवाना दिलेल्या संस्था करतात: रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्री, रॉयल सोसायटी ऑफ बायॉलॉजी, इन्स्टिट्यूट ऑफ फिजिक्स, इन्स्टिट्यूट ऑफ बायोमेडिकल सायन्स, इन्स्टिट्यूट ऑफ फूड सायन्स अँड टेक्नॉलॉजी, इन्स्टिट्यूट ऑफ वॉटर, आणि अशा बऱ्याच. आधी तिथलं सभासदत्व, मग नोंदणी. उपाधी कुठूनही घेतली तरी तीच असते, म्हणून ज्या संस्थेच्या सभांना तुम्ही खरंच जाल ती निवडा. मोठ्या नावाला भुलून अशी संस्था धरू नका जिचं मासिक कव्हरही न फाडता रद्दीत जाईल.

पदवीचा विषय आणि आजचं काम वेगळं असेल तर कामाच्या बाजूने जा. केमिस्ट्री शिकून तुम्ही सांडपाण्याच्या प्लांटवर असाल, तर पाण्याच्या संस्थेतले परीक्षक तुमची भाषा पटकन समजतील.

अर्ज: पंधरा प्रश्न आणि एक अडचण

चार्टर्ड सायंटिस्टच्या अर्जात पाच गट आहेत आणि त्यांत मिळून १५ क्षमता. पहिला गट ज्ञान वापरण्याचा, दुसरा वैयक्तिक जबाबदारीचा, तिसरा माणसांशी वागण्याचा, चौथा काम आखून तडीस नेण्याचा, पाचवा व्यावसायिक आचाराचा. प्रत्येक क्षमतेपुढे तुमच्या कामातलं एक खरं, शक्यतो अलीकडचं उदाहरण लिहायचं.

वाचताना सोपं वाटतं. मीही दोन शनिवार-रविवारांत उरकलं आणि पाठवून दिलं. सहा आठवड्यांनी परत आलं. शेरा एकच होता, पण जागोजागी: यात तुम्ही कुठे आहात?

मी परत वाचलं. पानोपानी 'आम्ही'. आमच्या टीमने पद्धत बसवली. आम्ही ऑडिट पार पाडलं. आम्हाला असं आढळलं. आपल्याकडे लहानपणापासून शिकवतात, मी-मी करू नये. शाळेत बक्षीस मिळालं तरी श्रेय बाईंना, आईवडिलांना. हा संस्कार वाईट नाही, पण या अर्जात तो घात करतो. टीमने काय केलं हे परीक्षकाला नकोच असतं. निर्णय घ्यायची वेळ आली तेव्हा तुमच्या डोक्यात काय चाललं होतं, ते त्याला हवं असतं.

एक उदाहरण उलगडून दाखवते. पहिल्या गटात एक क्षमता आहे: माहिती अपुरी असताना, परिस्थिती गुंतागुंतीची असताना योग्य निर्णय घेणं. मी पहिल्यांदा लिहिलं होतं: 'आमच्या विभागाने मिरची पुडीच्या नमुन्यांत अफ्लाटॉक्सिनचं (बुरशीतून येणाऱ्या विषाचं) विश्लेषण यशस्वीरीत्या पूर्ण केलं.' वाक्य खरं आहे, पण त्यातून माझ्याबद्दल काहीच कळत नाही.

घडलं होतं ते असं. शुक्रवार, दुपारचे चार. मिरची पुडीच्या एका लॉटचे दोन भाग तपासले होते. एकात किलोमागे ८ मायक्रोग्रॅम, दुसऱ्यात १७. इथे मिरचीत एकूण अफ्लाटॉक्सिनची मर्यादा १०. म्हणजे एक भाग पास, एक नापास. क्लायंटचा कंटेनर बंदरात उभा, रोजचं भाडं चढतंय, आणि तो फोनवर सांगतोय की दोन्हींची सरासरी काढून आजच रिपोर्ट द्या.

दुसऱ्या खेपेला मी लिहिलं, आणि हे मूळ इंग्रजीचं सार आहे:

'मी सरासरी काढायला नकार दिला. बुरशी मिरचीत सारखी पसरलेली नसते. थोड्या सडक्या मिरच्या सगळं विष धरून असतात, त्यामुळे दोन भागांतला फरक मशीनचा नसून नमुना नीट एकजीव न झाल्याचा असावा असा माझा अंदाज होता. तो मी आधी तपासला. त्याच रनमधला नियंत्रण नमुना आणि रिकव्हरी (मुद्दाम घातलेलं विष किती परत सापडतं ते) ठीक होती, म्हणजे उपकरणाला दोष देता येत नव्हता. उरलेला सगळा नमुना पाण्यात कालवून त्याची स्लरी करायचं मी ठरवलं, त्यातून नवे तीन भाग काढले आणि सहकाऱ्याने ते इम्युनोअ‍ॅफिनिटी कॉलममधून (विष वेगळं काढणाऱ्या नळीतून) पुन्हा नेले. क्लायंटला मी स्वतः फोन करून सांगितलं की रिपोर्ट सोमवारी मिळेल आणि का. तिन्ही आकडे १४ च्या आसपास आले. मोजमापातली अनिश्चितता वजा केली तरी मर्यादेच्या वर. लॉट नापास ठरवला. त्यानंतर मसाल्यांच्या सगळ्या नमुन्यांना स्लरीची पायरी सक्तीची करावी असा बदल मी आमच्या कार्यपद्धतीत सुचवला, आणि तो लागू झाला.'

हे लिहिताना मला ओशाळल्यासारखं होत होतं. 'मी' सात-आठ वेळा. पण त्या शुक्रवारी स्लरी करायचं मीच ठरवलं होतं. कॉलमवर नमुने चढवले ते माझ्या सहकाऱ्याने. ते मी तसंच लिहिलं, त्याचं श्रेय त्याला. 'मी' लिहायचं म्हणजे दुसऱ्याचं काम आपल्या नावावर खपवायचं असं नव्हे, एवढं ध्यानात ठेवलं की ओशाळणं कमी होतं.

या एका प्रसंगातून चार क्षमता भरता येतात हेही पाहा. अपुऱ्या माहितीत निर्णय, गुणवत्तेचे नियम पाळणं, नाराज क्लायंटशी बोलणं, कामाच्या पद्धतीत सुधारणा. फक्त तोच परिच्छेद चार ठिकाणी चिकटवू नका. प्रत्येक ठिकाणी त्या प्रसंगाची वेगळी बाजू दाखवा. आणि पंधराही उत्तरं एकाच प्रसंगावर उभी केली तर परीक्षकाला वाटेल, यांनी वर्षभरात एकच दिवस काम केलं.

लोक जिथे अडतात त्या आणखी दोन जागा.

'नेतृत्व' म्हटलं की हाताखाली माणसं नाहीत म्हणून सोडून देतात. हाताखाली माणसं नसली तरी चालतं. नव्या मुलाला बॅलन्स कॅलिब्रेट करायला शिकवलंत, त्याने चुकीचा आकडा खोडून दुसरा लिहिला होता तेव्हा त्याला न दुखावता 'एक रेघ मार, सही कर, तारीख टाक' हे का ते समजावलंत, तर ते नेतृत्वच.

दुसरी जागा, विज्ञान न कळणाऱ्यांशी बोलणं. मी इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत मुलांसाठी एक टेबल मांडलं होतं. हळदीच्या पाण्यात चुन्याची निवळी टाकली की ते लाल होतं. आज्यांना यात नवल नव्हतं, हळदीचं कुंकू कसं होतं ते त्यांनी पाहिलेलं. पण आम्ल, अल्क आणि इंडिकेटर यांची गोष्ट तिथून मुलांना सांगता आली, आणि त्यांच्या आयांना भेसळीच्या हळदीत कुठले रंग सापडतात तेही. हे मी अर्जात लिहिलं. शेरा नाही आला.

शिफारस, छाननी, मुलाखत

तुमचं काम जवळून पाहिलेल्या एखाद्या अनुभवी माणसाचा दुजोरा लागतो. बहुधा वरिष्ठ चालतात. कोणाला विचारायचं ते ठरवताना हुद्दा बघू नका. जो अर्ज वाचून 'हे तू केलंस, पण ते राहिलं की' म्हणेल तो बघा. अर्ज त्याच्या हातात निदान दोन आठवडे राहू द्या.

काही संस्था मुलाखत घेतात, काही फक्त कागद बघतात. मुलाखत असेल तर ती परीक्षा समजून घोकंपट्टी करू नका. दोन माणसं तुमच्याच अर्जातल्या ओळींवर बोट ठेवून 'आणि मग?' विचारतात. खरं लिहिलं असेल तर बोलता येतं.

अर्ज परत आला तर खचू नका. नापासाचा शिक्का बसत नाही, कुठे भर घालायची ते सांगतात. माझा दुसऱ्या खेपेला झाला. ओळखीतल्या एकाचा तिसऱ्या खेपेला.

नोंदणी टिकवणं, म्हणजे वही

पदवी एकदा मिळाली की मिळाली. ही नोंदणी तशी नाही. दरवर्षी नूतनीकरण, आणि वर्षभरात काय शिकलात त्याची नोंद ठेवायची. इथे सगळे त्याला सीपीडी (कंटिन्युइंग प्रोफेशनल डेव्हलपमेंट) म्हणतात. एचसीपीसीचं नूतनीकरण दोन वर्षांनी असतं आणि त्या वेळी प्रत्येक व्यवसायातल्या २.५ टक्के लोकांना निवडून त्यांचा सीपीडी तपासतात. सायन्स कौन्सिलकडेही तुमची नोंद कधीही मागवली जाऊ शकते.

सीपीडी म्हणजे कोर्स आणि सर्टिफिकेटं, अशी आपली समजूत. सायन्स कौन्सिलने पाच प्रकार केले आहेत: कामातून शिकणं, व्यावसायिक उपक्रम, औपचारिक शिक्षण, स्वतःचं वाचन-अभ्यास, आणि इतर. यांतल्या निदान तिनांचं मिश्रण हवं. मिरचीचा तो शुक्रवार पहिल्या प्रकारात बसतो. संस्थेच्या समितीत काम केलंत तर दुसऱ्यात. आणि मुख्य म्हणजे नुसतं 'अमुक व्याख्यान ऐकलं' पुरत नाही. त्यामुळे तुमच्या कामात काय बदललं आणि त्याचा फायदा कोणाला झाला, ते लिहावं लागतं.

मी मोबाइलमध्ये एक फाइल ठेवली आहे. महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी, चहाबरोबर, चार ओळी. तारीख, काय झालं, काय शिकले, पुढे काय. डिसेंबरात बसून जानेवारी आठवायचा प्रयत्न एकदा केला होता. कॅलेंडरमध्ये नुसतं 'ट्रेनिंग' लिहिलेलं, कसलं ते देवाला ठाऊक.

भारतात असाल किंवा परतायचं असेल

चार्टर्ड सायंटिस्टसाठी ब्रिटनमध्ये राहायची अट नाही. निकष पुरे होत असतील तर पुण्यात बसूनही अर्ज करता येतो. पण भारतात या उपाधीला कायद्याचं वजन नाही. निर्यातीच्या किंवा बहुराष्ट्रीय कंपनीत नोकरी असेल तर तिची ओळख असते, इतरत्र समजावून सांगावं लागतं.

भारतात ज्या नोंदण्यांवर खरोखर नोकरी अवलंबून असते त्या वेगळ्या. रेडिओथेरपी विभागातल्या भौतिकशास्त्रज्ञाला रेडिओलॉजिकल सेफ्टी ऑफिसर म्हणून मुंबईच्या अणुऊर्जा नियामक मंडळाची मान्यता लागते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टना १९९२ च्या कायद्याखालच्या रिहॅबिलिटेशन कौन्सिलची नोंदणी. सरकारी नमुन्यांवर सही करणाऱ्या फूड अ‍ॅनालिस्टला एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची) परीक्षा. विज्ञानाची पदवी असेल तर पेटंट एजंटची परीक्षा देऊन पेटंट कार्यालयाच्या यादीत नाव लावता येतं, आणि लॅबचा कंटाळा आलेल्यांसाठी ती वाट चांगली आहे. वैद्यकीय लॅबमधल्या लोकांसाठी २०२१ च्या कायद्याने राष्ट्रीय आयोग आणि राज्य परिषदा अशी रचना आणली आहे. परतायचा विचार असेल तर आपल्या राज्यात ती कुठवर आली ते विचारून घ्या.

पैशाचं

खर्च तीन जागी होतो: सभासदत्वाची वार्षिक वर्गणी, अर्जाची एकदाची फी, आणि नोंदणीची वार्षिक फी. शिवाय पदवीच्या तुलनेचे पैसे असतील तर ते वेगळे. आधी कंपनीला विचारा. बऱ्याच ठिकाणी ट्रेनिंगच्या बजेटमधून भरतात, फक्त कोणी मागत नाही म्हणून देत नाहीत. स्वतः भरत असाल तर ब्रिटनच्या कर खात्याकडे मान्यताप्राप्त व्यावसायिक संस्थांची यादी असते. त्यात तुमची संस्था असेल तर वर्गणीवर करसवलत मागता येते. एचसीपीसीच्या फीवरही. मला हे तिसऱ्या वर्षी कळलं. मागच्या चार करवर्षांपर्यंतचा दावा करता येतो म्हणून वाचले, नाहीतर पावत्या कपाटातच राहिल्या असत्या.

बाळंतपण, घरातलं आजारपण, नोकरीतला खंड अशा काळात नोंदणी सोडून देऊ नका. संस्थेला कळवा. बहुतेक ठिकाणी वर्गणीत सवलत मिळते आणि सीपीडीसाठीही सांभाळून घेतात. पण आधी कळवलं तर. फी थकून नाव यादीतून निघाल्यावर मग पत्र लिहिलं तर बहुधा अर्ज पुन्हा पहिल्यापासून.